चालू वही, बंद वही आणि घरचा संगणक

जुन्या पेढीच्या माळ्यावर लाल कापडात बांधलेल्या वह्यांची बोचकी अजूनही आढळतात. कीर्द, खतावणी, नावे-जमेचे हिशेब, क्वचित एखादी हुंडीची नकल. त्या वह्यांची एक शिस्त होती आणि ती कोणी कोणाला शिकवावी लागत नसे. चालू वही गादीवर असे. दिवाळीला वहीपूजन झाले की जुनी वही बंद होई, तिला कापड गुंडाळले जाई, वर्षाची चिठ्ठी लागे आणि ती वर जाई. बंद वहीत पुन्हा कोणी अक्षर लिहीत नसे. कोणत्या सालची वही कोठे आहे हे मुनीमजींना ठाऊक असे, मालकांना ठाऊक असे आणि घरातील सुनेलाही ठाऊक असे.

बाभुळगावसारख्या तालुक्याच्या गावी कापूस, तूर, सोयाबीन यांच्या अडतीवर किंवा कापडाच्या, किराण्याच्या दुकानावर उभ्या राहिलेल्या घरांत आज त्या माळ्याची जागा एका संगणकाने घेतली आहे. त्यात टॅलीचा हिशेब आहे, वस्तू व सेवा कराची विवरणे आहेत, घराच्या व शेताच्या खरेदीखतांची छायाचित्रे आहेत. आजोबांच्या पंचाहत्तरीची चित्रफीत, मुलीच्या लग्नाचे दोन हजार फोटो, कोणीतरी कष्टाने जुळवून टंकलिखित केलेली वंशावळही त्याच पेटीत आहे. आणि हे सारे नेमके कोठे आहे असे विचारले, तर बहुतेक घरांतून एकच उत्तर येते : “भैयाला विचारा, त्याने ठेवलेय सगळे.” भैया पुण्याला नोकरीस असतो.

या लेखाचा विषय बॅकअप हा असला, तरी त्याचे तांत्रिक कौतुक करण्याचा हेतू नाही. बाजारात त्यासाठी कार्यक्रम पुष्कळ आहेत आणि हुशार तरुण ते बसवूनही देतात. रात्री अमुक वाजता आपोआप प्रत निघते, बदललेला भागच तेवढा उचलला जातो, तो संकुचित होऊन एका अगम्य नावाच्या फाइलीत जाऊन बसतो. व्यवस्था सुंदर असते. परंतु ती बसविणारा घर सोडून गेला, की ती चालू आहे की सहा महिन्यांपूर्वीच बंद पडली आहे हे कोणालाही कळत नाही. मोठमोठ्या संस्थांनाही हे चुकलेले नाही. संगणक-प्रणाली लिहिणाऱ्यांचे काम जिच्यावर चालते, त्या गिटलॅब या कंपनीच्या कर्मचाऱ्याकडून ३१ जानेवारी २०१७ रोजी चुकून मुख्य माहितीसाठा पुसला गेला. बॅकअपच्या पाच पद्धती योजलेल्या होत्या. वेळ आली तेव्हा त्यांतील एकही धडपणे कामास आली नाही. सहा तासांपूर्वी एका अभियंत्याने दुसऱ्याच कामासाठी घेतलेली एक प्रत हाती लागली, म्हणून निभावले. जिथे तज्ज्ञांचा ताफा आहे तिथे ही स्थिती, तर घरच्या व्यवस्थेत गुंतागुंत जितकी कमी तितके बरे, असेच म्हणावे लागते.

म्हणून सूचना अशी, की संगणकालाही चालू वही आणि बंद वही यांचाच न्याय लावावा. संगणकावर दोनच मुख्य फोल्डर असावेत. एकाचे नाव ‘चालू’, दुसऱ्याचे ‘बंद’. या वर्षाचे जे काही आहे, हिशेब, बिले, पत्रे, फोटो, ते सारे ‘चालू’मध्ये. वर्ष संपले की त्या वर्षाचे नाव देऊन तो भाग ‘बंद’मध्ये हलवावा आणि त्यानंतर त्यात काहीही बदलू नये. या एका विभागणीने कामाचा बोजा किती हलका होतो हे आकड्यांत पाहावे. समजा, घरातील सर्व फाइली मिळून २०० जीबी आहेत. हा सारा ऐवज सेकंदाला २० मेगाबिट अपलोड देणाऱ्या जोडणीवरून क्लाउडवर चढवायचा तर सुमारे बावीस तास अखंड लागतात. आणि ज्या गावी वीज व जोडणी दोन्ही मध्येच रजा घेतात तिथे त्याचे चार दिवस होतात. तोच ऐवज साध्या हार्ड डिस्कवर उतरवायचा तर बऱ्या वेगाने अर्धा-पाऊण तास पुरतो. त्यातील बंद वर्षांचा भाग एकदा उतरविला की पुन्हा उतरवावा लागत नाही. उरते ते चालू वर्षाचे पाच-दहा जीबी, म्हणजे दोन-चार मिनिटांचे काम. चहा निवण्याआधी ते उरकते.

आता ठेवायचे काय, याचा विचार. सर्वच फाइली सारख्या मोलाच्या नसतात आणि इथेच पुष्कळ घरांचा गोंधळ होतो. गेली तर पुन्हा मिळेल का, हा एकच प्रश्न प्रत्येक वस्तूला विचारून पाहावा. सात-बाराचा उतारा शासनाच्या संकेतस्थळावरून डिजिटल स्वाक्षरीसह पुन्हा काढता येतो. नोंदणीकृत खरेदीखताची नक्कल दुय्यम निबंधक कार्यालयातून मिळते, जन्मनोंद नगर पंचायतीत आहे, आधार, वाहन परवाना आदी कागद २०१५ पासून चालू असलेल्या डिजिलॉकरमध्ये पुन्हा पाहता येतात. यांच्या प्रती हाताशी असाव्यात हे खरे, पण त्या गेल्या तर हेलपाटे पडतील, एवढेच.

दुसरा वर्ग आहे तो कायद्याने जपावयाच्या गोष्टींचा. वस्तू व सेवा कर कायद्याच्या कलम ३६ प्रमाणे त्या वर्षाचे वार्षिक विवरण भरण्याच्या अंतिम तारखेपासून ७२ महिन्यांपर्यंत हिशेबाची पुस्तके व कागदपत्रे जपून ठेवणे बंधनकारक आहे. आणि एखादे अपील किंवा चौकशी चालू असेल तर तिचा निकाल लागून आणखी एक वर्ष होईपर्यंत. भरलेली विवरणे शासनाच्या संकेतस्थळावर दिसतात, म्हणून आपल्याकडे काही ठेवायला नको, असा समज काही व्यापारी बाळगतात. तो घातक आहे. तिथे आकडे आहेत. त्या आकड्यांमागचे खरेदी-बिल, मालाची आवक-जावक आणि शेतकऱ्याची पट्टी तिथे नाही. नोटीस आली की हीच मागितली जातात.

आणि तिसरा वर्ग, जो एकदा गेला की कोणतेही कार्यालय, कोणताही पैसा तो परत आणून देऊ शकत नाही. आजीच्या आवाजातील दहा मिनिटांचे ध्वनिमुद्रण. दिवंगत काकांच्या हस्ताक्षरातील वाटणीच्या चिठ्ठीचे छायाचित्र. गावोगावच्या उधारीची अशी यादी, जी टॅलीत कधी चढलीच नाही. या वर्गाला बहुधा सर्वांत कमी जागा लागते आणि सर्वांत कमी काळजी मिळते. आपल्या घरात या तिसऱ्या वर्गात काय काय आहे, हे एखाद्या रविवारी दुपारी सर्वांनी मिळून बसून ठरवावे. त्यात वडीलधाऱ्यांना अवश्य बसवावे. कारण कोणता फोटो कोणाचा, हे सांगणारेही त्याच वर्गात मोडतात. फोटोतील माणसांची नावे फाइलीच्या नावातच लिहून टाकली, तर पन्नास वर्षांनी त्याचे मोल कळेल.

याच ठिकाणी एका अडचणीचा उल्लेख केला पाहिजे, जी आपल्या मराठी कागदांच्या वाट्याला विशेष येते. पंधरा-वीस वर्षांपूर्वीची लग्नपत्रिका, वंशावळ किंवा संस्थेची घटना त्या वेळच्या कृतिदेव किंवा श्रीलिपीसारख्या फाँटमध्ये टंकलिखित केलेली असते. आज ती फाइल उघडली आणि तो फाँट संगणकात नसला, तर पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा व चिन्हांचा निरर्थक खच दिसतो. फाइल शाबूत आहे, प्रतही शाबूत आहे, पण वाचता येत नाही. टॅलीचेही काहीसे असेच आहे. मूळ डेटा पाहावयाचा तर टॅली हवे. म्हणून वर्ष बंद करताना रोकडवही, खतावणी, तेरीज व ताळेबंद पीडीएफ स्वरूपात काढून मूळ डेटाच्या शेजारी ठेवावेत. ज्याच्या घरी टॅली नाही अशा जावयालाही ते उघडता येतील.

‘आमचे सगळे फोटो गुगलवर आपोआप जातात’, असे समाधान अनेकांना असते. क्लाउडचा उपयोग मोठा आहे आणि तो जरूर करावा, पण तो काय आहे हे समजून करावा. फोन व क्लाउड हे जोडलेले असतात. एका बाजूने पुसले की दुसऱ्या बाजूनेही पुसले जाते. गुगल फोटोजमध्ये पुसलेले चित्र साठ दिवस आणि गुगल ड्राइव्हमधील फाइल तीस दिवस कचरापेटीत राहते, मग कायमची जाते. नातवाने खेळता खेळता पुसलेला अल्बम दोन महिन्यांनी आठवला तर उपयोग नाही. शिवाय फुकट मिळणारी जागा १५ जीबी आणि तीही टपाल, फाइली व फोटो या सर्वांची मिळून. १ जून २०२१ पासून फोटो त्या मर्यादेत मोजले जाऊ लागले. पुढे अँड्रॉइड फोनवरील व्हॉट्सॲपचा बॅकअपही त्याच १५ जीबीत धरला जाऊ लागला. ती जागा भरली की त्या पत्त्यावर टपाल येणेच थांबते. सणासुदीच्या शुभेच्छांच्या चित्रफितींनी जागा भरावी आणि त्यामुळे कर खात्याची सूचना पोहोचू नये, हा प्रकार ऐकावयास विनोदी वाटतो. ज्याच्यावर येतो त्याला वाटत नाही. व्हॉट्सॲपवरून आलेला फोटो आकुंचित होऊन आलेला असतो, हेही ध्यानी असावे. मूळ फोटो ज्याच्या फोनमध्ये आहे त्याच्याकडून तो फाइल म्हणून मागून घ्यावा.

एकाच जागी ठेवलेली वस्तू आणि अनेक जागी ठेवलेली वस्तू यांत किती अंतर असते, याचे सर्वांत बोलके उदाहरण आपल्याच समाजाच्या आणि आपल्याच वऱ्हाडच्या इतिहासात आहे. षट्खंडागमावरील वीरसेनाचार्यांची धवला टीका आणि तिच्यासोबतचे सिद्धांतग्रंथ शतकानुशतके कर्नाटकातील मूडबिद्री येथील ताडपत्रांवरच तेवढे शिल्लक होते. जुन्या कन्नड लिपीतील ती ताडपत्रे जीर्ण होत होती. दर्शन घडे; वाचन घडत नसे. सोलापूरचे शेठ हिराचंद नेमचंद आणि मुंबईचे शेठ माणिकचंद या दोन व्यापाऱ्यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रत करून घेण्याचा विषय धसास लावला. प्रती करण्याचे काम शतकाच्या अखेरीस सुरू झाले आणि पाव शतक चालले. पण ज्या प्रती झाल्या त्याही मूडबिद्रीतच राहिल्या! आजच्या भाषेत सांगावयाचे तर मूळ डिस्क आणि बॅकअपची डिस्क एकाच कपाटात.

ग्रंथ बाहेर पडला तो वेगळ्या वाटेने. प्रत करणारे पंडित गजपती उपाध्याय यांनी पत्नीच्या मदतीने गुप्तपणे एक निराळी कन्नड प्रत तयार केली आणि ती उत्तरेकडे सहारनपूरला पोहोचली. तिथे तिची नागरी प्रत झाली, त्या कामातील पंडित सीताराम शास्त्री यांच्याकडे एक प्रत राहिली आणि तीवरून आरा, कारंजा, सोलापूर अशा गावोगावी प्रती पसरल्या. त्या कृत्याच्या योग्यायोग्यतेविषयी मतभेद असू शकतात. परिणाम मात्र असा, की अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्राध्यापक डॉ. हीरालाल जैन यांना अमरावती, आरा आणि कारंजा येथील प्रती समोर ठेवून संपादन करता आले आणि १९३९ मध्ये धवलेचा पहिला खंड अमरावतीहून छापून निघाला. पुढे एकूण सोळा खंड झाले. बाभुळगावहून धामणगावमार्गे अमरावतीला जाणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना हे ठाऊक असेल?

या कथेचा खरा धडा तिच्या पुढच्या भागात आहे. संपादकांच्या हाती तीन गावांच्या तीन प्रती होत्या, पण त्या तिन्हींचे मूळ एकच. त्यामुळे त्या मुळात जे सुटले ते तिन्हींत सुटलेले. पहिल्या खंडातील ९३ व्या सूत्रात ‘संजद’ हा शब्द असला पाहिजे असे संपादकांना अर्थावरून वाटले. प्रतींत तो नव्हता, म्हणून त्यांनी तशी तळटीप दिली. त्या एका शब्दावरून पुढे मोठा वाद माजला. मूडबिद्रीच्या ताडपत्रांशी ताडून पाहिले तेव्हा तो शब्द तिथे होता. याच सुमारास ताडपत्रांतील काही भाग किडीने कायमचा नष्ट केल्याचे कळून आचार्य शांतिसागर महाराज व्यथित झाले आणि त्यांच्या प्रेरणेने हे ग्रंथ ताम्रपत्रांवर कोरून घेण्यात आले. ते ताम्रपट फलटणला ठेवले गेले. ताडपत्र, कागद, छापील पुस्तक आणि तांबे. मूडबिद्री, सहारनपूर, अमरावती आणि फलटण.

पीटर क्रोग या अमेरिकन छायाचित्रकाराने २००५ च्या सुमारास जो ‘३-२-१’ नियम लोकप्रिय केला, तो याहून वेगळा काही सांगत नाही. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक परगावी. मात्र संख्येच्या भरवशावर राहू नये. बिघडलेल्या फाइलीच्या दहा प्रती केल्या तरी दहाही बिघडलेल्याच निघतात. प्रत मुळाशी ताडून पाहावी लागते.

तेव्हा घरापुरती व्यवस्था अशी. एक टीबीच्या दोन बाह्य हार्ड डिस्क घ्याव्यात. पेन ड्राइव्ह घेऊ नये. तो ने-आण करण्यासाठी आहे, साठवणीसाठी नव्हे. एका डिस्कवर ठळक ‘घर’ आणि दुसरीवर ‘परगाव’ अशी चिठ्ठी लावावी. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी टॅली बंद करावे, कारण चालू असताना घेतलेली नक्कल अपुरी राहू शकते. मग ‘घर’ डिस्क जोडावी, तिच्यावर ‘२०२६-०१’ अशा प्रकारे आधी वर्ष व मग महिना लिहून नवे फोल्डर करावे आणि संगणकावरील ‘चालू’ त्यात जसेच्या तसे उतरवावे. असे नाव दिले की फोल्डर आपोआप काळाच्या क्रमाने लागतात. जुन्या महिन्याचे फोल्डर लगेच पुसू नयेत. जूनमध्ये बिघडलेली फाइल ऑगस्टमध्ये लक्षात आली, तर मे महिन्याची प्रत कामास येते. जागा भरू लागली की सर्वांत जुनी काढावी. तज्ज्ञ मंडळी या पद्धतीला ओबडधोबड म्हणतील. तिच्यात जागा वाया जाते हे खरेच आहे. पण ती डिस्क कोणत्याही संगणकाला लावली की फाइली उघड्या डोळ्यांनी दिसतात; कोणताही खास कार्यक्रम, कोणतीही परवाना-किल्ली लागत नाही. जागा स्वस्त आहे, घरातला जाणकार माणूस दुर्मीळ आहे.

काम झाले की डिस्क काढून कपाटात. ती संगणकाला कायम जोडून ठेवू नये, याला दोन कारणे आहेत. वीज कमी-अधिक झाली किंवा पावसाळ्यात जवळ कोसळली, तर जोडलेली दोन्ही यंत्रे एकदम जळतात. दुसरे कारण खंडणीखोर विषाणूंचे. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ने जगभरातील लाखो संगणकांवरील फाइली कुलूपबंद करून पैसे मागितले. असा विषाणू शिरला की जोडलेल्या डिस्कवरील प्रतीही त्याच कुलपात जातात. कपाटातल्या डिस्कपर्यंत त्याला पोहोचता येत नाही.

‘परगाव’ डिस्क मात्र आपल्या गावात नसावी. २२ जुलै २०२३ ची अतिवृष्टी आपल्या जिल्ह्याने पाहिली आहे. यवतमाळ शहरात घरांत पाणी शिरले, महागाव तालुक्यातील आनंदनगर येथे अडकलेल्या लोकांसाठी हवाई दलाचे हेलिकॉप्टर मागवावे लागले. असे पाणी आले तर संगणक आणि कपाट यांत भेद करीत नाही. आगही करीत नाही, चोरही करीत नाही. शेजारच्या गल्लीतील भावाचे घरही पुरेसे दूर नाही. नागपूर, अमरावती, अकोला, जिथे मुलगी दिली असेल किंवा जिथे मामा राहतात तिथे ती जावी. ने-आण करण्यासाठी निराळा प्रवास नको. भाऊबीजेला भाऊ बहिणीकडे जातोच. जाताना ताजी डिस्क न्यावी, मागची परत आणावी. बहिणीनेही आपल्या घरची डिस्क माहेरी पाठवावी. दुसरी फेरी अक्षय्य तृतीयेला. तोपर्यंत मार्चअखेरचे वर्ष बंद होऊन त्याचा ‘बंद’ फोल्डर तयार झालेला असतो. जगात ३१ मार्च हा दिवस बॅकअप दिन म्हणून पाळतात, पण आपल्या व्यापाऱ्यांना त्या दिवशी श्वास घेण्याची उसंत नसते. तो दिवस आपल्या कामाचा नाही.

सासरच्या घरात माहेरचे हिशेब जाणार, हा संकोच रास्त आहे. आधारच्या व बँकेच्या कागदांची भीतीही रास्त आहे. परगावी जाणाऱ्या डिस्कला कूटशब्द घालता येतो आणि घालावाही. पण तो कूटशब्द विसरला तर आतला ऐवज आपल्यालाही कायमचा बंद. म्हणून तो कागदावर लिहावा आणि तो कागद डिस्कबरोबर पाठवू नये. तिजोरीत ठेवावा.

ताडून पाहण्यासाठी दिवस शोधण्याची गरज नाही. भाऊबीजेनंतर तीन दिवसांनी ज्ञानपंचमी येते. पावसाळ्याची ओल सरल्यावर या निमित्ताने ज्ञानभांडारे उघडावीत, पोथ्या झटकून, वारा देऊन, वेष्टने बदलून पुन्हा ठेवाव्यात, ही जुनी रीत आहे. दिगंबर घरांत ज्येष्ठ शुद्ध पंचमीची श्रुतपंचमी त्याच भावनेने साजरी होते. ज्याची जी परंपरा असेल त्या दिवशी डिस्क उघडावी. नुसती फोल्डरांची नावे पाहून समाधान मानू नये. एक जुना फोटो, एक पीडीएफ आणि टॅलीचा एक बॅकअप प्रत्यक्ष उघडून पाहावा. टॅलीचा बॅकअप तपासताना तो निराळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये उतरवावा. चालू डेटाच्या जागी उतरविला तर नवे हिशेब जुन्याखाली गाडले जातात. हे काम भैयाने करू नये, हे आग्रहाने सांगावेसे वाटते. ज्याने व्यवस्था लावली त्याच्याखेरीज दुसऱ्या कोणीतरी, काकूंनी, वहिनींनी, नववीत शिकणाऱ्या मुलीने, समोरचा कागद वाचून ते करून दाखवावे. अडले तर दोष तिचा नाही, कागदाचा आहे. कागद पुन्हा लिहावा.

तो कागद एका पानाहून मोठा नसावा आणि मराठीत, हाताने लिहिलेला असावा. ‘चालू’ व ‘बंद’ कोठे आहेत, डिस्क कोणत्या कपाटात आहे, परगावची डिस्क कोणाकडे आहे, टॅली कसे बंद करावे, कूटशब्दाचा कागद कोठे ठेवला आहे. घरातील कर्ता माणूस अचानक गेल्यावर पहिल्या पंधरवड्यातच विमा, बँक आणि देणेकरी यांचे कागद लागतात. त्या दिवसांत त्या घरातील स्त्रीवर संगणकासमोर बसून रडण्याची वेळ येऊ नये, एवढ्यासाठी हा कागद. गुगलच्या खात्याचीही तरतूद याच वेळी करून टाकावी. दोन वर्षे न वापरलेले वैयक्तिक खाते पुसण्याचे धोरण गुगलने डिसेंबर २०२३ पासून अमलात आणले आहे. खाते काही महिने निष्क्रिय राहिल्यास त्यातील माहिती कोणाला द्यावी, हे आधीच नोंदविण्याची सोय त्याच खात्याच्या मांडणीत आहे. मुदत तीन ते अठरा महिन्यांची निवडता येते आणि दहापर्यंत माणसे नेमता येतात. नामनिर्देशन बँकेत करतो, तसेच हे.

डिस्कलाही आयुष्य असते. पाच वर्षे झाली की ती बरी चालत असली तरी नवी घेऊन सारे तिच्यावर उतरवावे आणि नवी उघडून पाहिल्याशिवाय जुनी टाकू नये. जुन्या सीडींवरील लग्नाच्या चित्रफिती असतील तर त्या याच वर्षी उतरवून घ्याव्यात. सीडी वाचणारे यंत्र असलेला संगणक आता गावात शोधावा लागतो. आणि निवृत्त झालेली डिस्क भंगारवाल्याला देण्याआधी तिच्यावरील फाइली नुसत्या पुसून भागत नाही, त्या पुन्हा काढणारे लोक आहेत. विंडोजमध्ये ‘क्विक’ या शब्दापुढची खूण काढून पूर्ण फॉरमॅट करावे. एक टीबीच्या डिस्कला त्यासाठी काही तास लागतात. रात्री लावून झोपावे, सकाळी झालेले असते.